जपानी पुरणाचे गोळे आन् माझं लाटणं

बायांनो, आज दुपारची गंमत सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावर जपानची बाई भाड्यानं राहती, नवरा चाकणला कंपनीत हाय. परवा तिला डबाभर पुरणपोळ्या दिल्या. डबा रिकामा परत करायचा न्हाई, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे, आज भरूनच ठेवून गेली.

झाकलेलं फडकं काढलं तर पांढरे गोळे, वर कोरडं पीठ. एक फोडला, आत पुरण. मला वाटलं, माझ्या पोळ्या बघून हिनं करायला घेतल्या आन् लाटायच्याच राहिल्या. मी लाटणं काढलं, एक लाटून तव्यावर टाकली.

तेवढ्यात डब्याचं झाकण द्यायला ती दारात. पोळपाटाकडं बघतच राहिली. मी लाटणं पदराआड लपवलं, एवढ्या हौसेनं केलेलं मी लाटून ठेवलेलं.

ती खो खो हसली. "आजी, ही आमची मिठाई, असंच खायचं," म्हणून गोळ्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला. कवळीला चिकटला, पण काय गोड लागला म्हणून सांगू. मग तव्यावरची तिनं तूप लावून खाल्ली, वर आणखी दोन लाटायला लावल्या.

आता डबा माझ्याकडं हाय. काय भरून देऊ? तिलाबी एखादी चूक करता यावी, असं कायतरी सुचवा.