वजनकाटा आणि खेळाचा तास

शाळांची आरोग्य तपासणी करणाऱ्या बाईकडचे किस्से वजनासारखे असतात. रोज थोडे थोडे, कळतही नाही, आणि एक दिवस बघावं तर कमरेभोवती जमलेले. माझ्याकडे आता चांगलेच जमलेत. त्यातल्या बहुतेकांमध्ये मूर्ख माणूस एकच आहे, म्हणून आधी तिचीच ओळख करून देते. मी.

मुळशी तालुक्यातल्या शाळांमधून आमची गाडी फिरते. गाडीत डॉक्टर कदम, मी, एक वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी. डॉक्टर तपासतात, मी आहाराबद्दल बोलते. पूर्वी आम्ही फक्त वाळलेली मुलं शोधायचो. आता ज्यांचं वजन फार वाढतंय तीही शोधतो. दोन्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर सापडतात.

तर माले गावच्या शाळेत काटा ठेवला दाराशी, कारण तेवढीच फरशी सपाट होती. डॉक्टर बसले पार खिडकीपाशी, उजेडात. मग मी काय करायची, मूल काट्यावर चढलं की आकडा मोठ्यानं पुकारायची आणि डॉक्टर लिहून घ्यायचे. आवाज माझा सोलापूरचा, त्याला माइक लागत नाही. सोय किती छान, असं मला वाटायचं. मंडईत बसल्यासारखी मी वजनं पुकारत होते.

आठवीतली सानिका चढली, मी आकडा पुकारला. डॉक्टरांना ऐकू गेला. शेजारच्या वर्गालाही ऐकू गेला. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव ‘क्विंटल’ पडलं होतं! क्विंटलच्या जवळपासही नव्हती हो ती. पण भात पिकवणाऱ्या गावातली पोरं, दुसरं कुठलं माप काढणार?

पुढच्या वेळी मुख्याध्यापिका देशमुख बाईंनी मला बाजूला घेतलं. सानिका म्हणजे खो-खोत सगळ्यांच्या पुढं असणारी पोरगी. आता मैदानावर पाऊल टाकत नाही. पोटात दुखतंय म्हणून पायरीवर बसून राहते. आमची गाडी येणार असं कळलं की त्या दिवशी शाळेतच येत नाही.

म्हणजे मुलांना हलवायला आम्ही गेलो, आणि शाळेतली पळणारी पोरगी बसवून आलो.

*

मला वाटलं, मुलींची काट्याची भीती घालवली की झालं. मग मी आठवीच्या वर्गात भाषण केलं. वजन म्हणजे नुसता आकडा, त्यात लाजायचं काय, जास्त भरलं तर आम्ही घरी येऊन आईबाबांना समजावू वगैरे. बोलता बोलता इतका जोर चढला की चपला काढून मी स्वतःच काट्यावर उभी राहिले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, वाच मोठ्यानं.

तिनं वाचलं. आकडा मी इथं सांगत नाही.

वर्ग एकदम गप्प. मला वाटलं, परिणाम झाला. तेवढ्यात मागून एक मुलगी अगदी काळजीनं म्हणाली, “म्याडम, तुमच्या आईबाबांना कोण समजावणार?”

डॉक्टर खिडकीतून बाहेर डोंगर बघत होते. खांदे हलत होते त्यांचे.

*

मग आम्ही सानिकाच्या घरी गेलो. तिचे आजोबा तरुणपणी तालमीतले. भिंतीवर त्यांचा लंगोट लावलेला फोटो, शेजारी गदा. त्या भिंतीखाली बसून मला बोलायचं होतं की वजन वाढणं बरं नव्हे.

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्या घरात पोराचं वजन उतारलं की डाक्टर बोलावत्यात. चढलं म्हणून आलेलं डाक्टर तुमीच पहिलं.”

आजी तर डॉक्टरांकडेच बघत होत्या. आमचे डॉक्टर नांदेडकडचे, अंगानं उदबत्ती. आजींनी विचारलं, घरी जेवायला घालत नाहीत का? डॉक्टर म्हणाले, घालतात की.

“मग ते जातंय कुटं?”

डॉक्टरांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवून बघितला.

तोवर पानं वाढलेली. नाही म्हटलं असतं तर पुन्हा त्या घरात पाऊल टाकता आलं नसतं. तांदळाची भाकरी, वर लोण्याचा गोळा. तेला-तुपाचा वापर कसा कमी करावा, हे मी बोटांना लागलेलं लोणी चाटत समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आणखी एक गोळा वाढला.

सानिका बाहेर आलीच नाही. निघताना तिची आई गोठ्यापर्यंत सोबत आली आणि हळूच म्हणाली, पोरगी सकाळी काही न खाताच जाते. म्हणते, शाळेत खिचडी मिळती.

मी थांबले. कारण देशमुख बाई मला म्हणाल्या होत्या, सानिका शाळेतली खिचडी घेत नाही. म्हणते, घरून जेवून येते.

आम्ही गाडीत बसलो. पौड आल्यावर डॉक्टर म्हणाले, “मॅडम, ही पोरगी चक्कर येऊन पडेल. आणि त्याला कारण आपण असू.”

तिथंच ठरलं. वजन यापुढे पडद्यामागे, मुलाची पाठ आकड्याकडे, माझं तोंड बंद. आणि एकट्या सानिकाला गाठून कुणी काही सांगायचं नाही. तिला म्हणून वेगळं काहीच करायचं नाही. जे करायचं ते सगळ्या शाळेचं. खाणंही सगळ्यांचं, खेळणंही सगळ्यांचं. तिच्या आईशी डॉक्टर अधूनमधून फोनवर बोलणार, बस्स.

मी म्हटलं, मग मी काय करू? डॉक्टर म्हणाले, “तुम्ही गप्प बसा. सगळ्यात अवघड काम तुमच्याकडे.”

*

त्याच दिवसांत आमच्या भुकूमच्या सोसायटीनं मला भाषणाला बोलावलं. विषय, मुलांचा लठ्ठपणा. आमच्याकडे सगळी आयटीवाली मंडळी, माझा नवराही त्यातलाच. क्लबहाऊसमध्ये एसी लावून शंभरेक खुर्च्या मांडलेल्या. मी मन लावून बोलले. मुलं हलत नाहीत, त्यांना पळू द्या, घाम येऊ द्या. मागं एक पोरगं चुळबुळ करत होतं, त्याला आईनं दोनदा दटावून खाली बसवलं.

शेवटी कमिटीच्या काकांनी माइक घेतला. म्हणाले, मुलांनी फारच छान वागणूक दाखवली. पूर्ण तास एकही मूल जागेवरून उठलं नाही. त्याबद्दल सगळ्यांना एक एक मोठं चॉकलेट!

वाटायला मलाच उभं केलं.

*

मालेच्या शाळेच्या फाटकाशी एका मामांची टपरी. कुरकुरीत पाकिटं, रंगीत गोळ्या, दंडुक्यासारखा बर्फ. मुलं फाटकातून आत यायच्या आधीच त्यांचा निम्मा डबा तिथं झालेला असायचा. आम्ही काही टपरी उठवायला गेलो नव्हतो, मामांचं घर त्यावर चालतं. फक्त म्हटलं, पुढच्या बरणीत चणे-शेंगदाणे ठेवा, उकडलेल्या शेंगा ठेवा, पाकिटं मागे सरकवा. जे हाताशी असतं तेच पोरं उचलतात.

मामा समजूतदार. आठवडाभरात चणे खपायला लागले. डॉक्टर खूश झाले, मुद्दाम कौतुक करायला टपरीवर गेले. मीही गेले. मामांनी विचारलं, पाकिटं कोण नेतं आता? मग स्वतःच उत्तर दिलं, मास्तर लोक.

डॉक्टर हसले. मी जरा जास्तच जोरात हसले.

मामांनी खालून पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. “म्याडम, तुमचं न्हेमीचं काढून ठिवलंय.”

*

आता खेळाचा तास. वेळापत्रकात आठवीला खेळाचा तास होता. भिंतीवर लावलेलाही होता. पण दिवाळीपासून त्या तासाला जगताप सर गणित घेत होते.

मी भांडायच्या तयारीनंच गेले. जगताप सर भला माणूस निघाला, भांडणाची सगळी मजा गेली. म्हणाले, “मॅडम, मी तास मागत नाही हो. पीटीचे सर कधी निवडणुकीच्या कामाला, कधी सर्वेक्षणाला. वर्ग मोकळा दिसला की मला राहवत नाही.”

मी म्हटलं, मैदान मोकळं दिसलं की मुलांनाही राहवत नाही.

देशमुख बाईंनी निकाल दिला. खेळाचा तास खेळालाच, आणि तोही रोज, अगदी मधल्या सुट्टीच्या आधी. पीटीचे सर नसतील तर जगताप सरांनी घ्यायचा.

पहिल्या दिवशी सर मैदानावर आले ते खिशात खडू घेऊन. शिट्टी कुठाय विचारलं तर म्हणाले, आणतो. मुलांना दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या आणि प्रत्येक उडीला सतराचा पाढा. पाढा चुकला तो आऊट! दोन मिनिटांत निम्मा वर्ग आऊट होऊन बाजूला बसलेला. एक पोरगा मला म्हणाला, “म्याडम, त्यापरीस वर्गातलं गणित बरं हुतं. तितं सावली तरी व्हती.”

सानिका पायरीवर बसली होती. सगळे सतरा सकला अडकत होते. तिसऱ्यांदा एक पोरगी अडकली तेव्हा पायरीवरून, मान वरही न करता आवाज आला, “एकशे दोन.”

सर लगेच म्हणाले, तू इकडं ये, ह्या गाढवांना पाढा सांग.

आणि ती उठली. मैदानावर आली. पळायला नाही, पाढा सांगायला. पण आली.

मी तोंड उघडलं तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्या पायावर बूट ठेवला.

पुढच्या खेपेला पाहिलं तर ती दोरीचं एक टोक धरून उभी होती. ‘क्विंटल’ हाक अधूनमधून ऐकू यायची. असलं नाव चार दिवसांत जात नाही, आणि ते पाडण्यात माझा गळा होता हे मी विसरत नाही. एका पोरानं तशी हाक मारली, तर तिनं त्याच्या उड्यांना दोरीचा वेग असा वाढवला की तो तोंडावर आपटला. जगताप सर म्हणाले, दोरी नीट फिरवावी. इतकंच म्हणाले.

*

खेळून आलेल्या पोरांना भूक लागते, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. तास सुट्टीच्या आधी घेतला तो त्यासाठीच. एकदा आम्ही पडद्यामागची वजनं आटोपून व्हरांड्यात बसलो होतो. खिचडीची रांग लागली. रांगेत घामेघूम सानिका. आमची गाडी फाटकातच उभी होती, आणि तरी ती शाळेत आली होती.

तिनं ताट घेतलं. बसली. खाल्लं. डॉक्टर आणि मी दुसरीकडेच बघत होतो, म्हणजे दोघंही तिच्याकडेच बघत होतो.

मग ती उठून पुन्हा रांगेत गेली.

आता मी पडले आहार समुपदेशक. दुसऱ्यांदा वाढून घेताना थोडं थांबावं, आधी पाणी प्यावं, सावकाश खावं, हे मी झोपेतही बोलते. माझं तोंड आपोआप उघडलं.

“मॅडम,” डॉक्टर समोर बघतच म्हणाले, “तो शब्द गिळा. त्यात कॅलरी नसतात.”

*

परवाचीच गोष्ट. डॉक्टर दुसऱ्या शाळेला गेले होते आणि मी एकटीच मालेला. खेळाचा तास चालू होता. जगताप सर आता शिट्टी आणतात, आणि सांगायला नको, मुलांपेक्षा जास्त तेच वाजवतात. विषामृत खेळायचं ठरत होतं. मधोमध सानिका उभी, गडी वाटत होती. तू इकडं, तू तिकडं, तू मागच्या वेळी रडलास, तू शेवटी. वजनाचा विषय कुठंच नव्हता. कोण जोरात पळतं आणि कोण चिडतं, एवढंच हिशोबात. पोरं तिच्यापुढं रांगेत उभी राहून आपलं नाव यायची वाट बघत होती.

मला काय झालं कोण जाणे. पर्स पायरीवर ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि गेले मधे. इतक्या महिन्यांत मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. म्हटलं, “सानिका, मला घेतेस का खेळायला?”

 जगताप सरांची शिट्टी तोंडातच राहिली.

सानिकानं माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही बाजूंच्या गड्यांकडे बघितलं. हसली नाही, की लाजली नाही.

“या,” ती म्हणाली, “पर तुमी कच्चं लिंबू.”