ओरडता येणार नाही

ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणाले, मुलगा म्हणाला, बघायला आलेले पाहुणे म्हणाले. माझ्या हृदयाची झडप खराब झाली होती, ती काढून नवी बसवली. नवी झडप जनावराच्या कातडीची आहे. कुठल्या जनावराची ते मी विचारलं नाही आणि घरात कोणाला विचारू दिलं नाही. छातीचं हाड कापून पुन्हा तारेने बांधलं आहे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. भरलेली कळशी तीन महिने उचलायची नाही. जिना मात्र आता न थांबता चढते. म्हणजे ज्यासाठी नेलं होतं ते काम झालं.

आवाज तेवढा गेला.

चार दिवस घशात नळी होती. ती काढली आणि मी नर्सबाईकडे पाणी मागितलं तर नुसती हवा बाहेर आली. ती म्हणाली, होतं असं, आठ दिवसांत येईल. आठ दिवस झाले, अठरा दिवस झाले, घरी आले. हवाच येत होती. जवळ कान आणला तर शब्द कळतो. कामतघरला आमच्या खोलीसमोर कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे, तो चालू असला की सूनबाईलाही माझ्या तोंडाजवळ वाकावं लागतं.

दुसऱ्या कोणा बाईचं एवढ्याने अडलं नसतं. म्हातारपणी बोलायचं किती असतं? पण माझा नवरा बहिरा आहे. पस्तीस वर्षं लूमवर ड्युटी केली, त्यात कान गेले. मशीन आणून दिलं होतं कानाला. त्यातून पंखा ऐकू यायचा, भांडी ऐकू यायची, माणूस नाही. ते कपाटात पडलं आहे. सूनबाईचा आवाज बारीक, तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मुलगा दापोड्याला गोडाऊनमध्ये कामाला आहे, तो दारात चप्पल घालता घालता बोलतो. म्हातारा सगळ्यांना मान हलवतो. होय होय, बरं बरं. काही ऐकू आलेलं नसतं. माणसांनी पुन्हा पुन्हा सांगायचे कष्ट घेऊ नयेत म्हणून हलवतो. एकदा दारात कोणी मयताची बातमी सांगायला आला, त्यालाही हसून बरं बरं म्हणाला होता.

मला त्याने कधी अशी मान हलवली नाही, कारण माझं त्याला ऐकू यायचं. माझा आवाज जाड, भसाडा. लहानपणी शाळेत मास्तर मला कवितेला उभी करत नसत. तोच आवाज त्याच्या कानात शिरायचा. मी ओरडायचे आणि तो उत्तर द्यायचा, असा आमचा संसार झाला. घरात गुपित काही राहिलं नाही. म्हाताऱ्याचं पोट साफ झालं की नाही ते सगळ्या चाळीला माहीत. मी घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, "काकू, तुमच्याबिगर सकाळची कोणची गोळी घ्यायची ते आमालाबी आठवना." ती थट्टा करत होती. मी हसायला गेले तर छाती दुखली.

ऑपरेशनला जायच्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले होते. रिक्षा खाली उभी, पिशव्या भरलेल्या आणि हा कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसलेला. जुने लूमवाले तिथे बसतात. मुलगा त्याला घेऊन आला तेव्हा मी भर गल्लीत म्हणाले, "मी मेले तरी तुमी तितंच बसाल! येऊ नगा, जा, बसा!" त्याने मान खाली घातली. मुलाने त्याला हॉस्पिटलात एकदाही आणलं नाही. ऐकू येत नाही, मुंबईत हरवेल, कोण बघणार, म्हणाला. बरोबरच होतं. पण म्हाताऱ्याच्या बाजूने बघायचं तर मी ओरडून गेले, अठरा दिवसांनी आले आणि त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

त्याला वाटलं मी अबोला धरला आहे.

वाटणारच. अबोला मी आयुष्यभर धरत आले. एकदा नणदेच्या लग्नातल्या एका बोलण्यावरून नऊ दिवस धरला होता. तो काही समजूत काढायचा नाही. वाट बघायचा आणि काहीतरी खायला आणायचा. मग कधीतरी मीच एक शिवी देऊन सुरू करायचे, आणि शिवी ऐकली की त्याचं तोंड उजळायचं.

आताही तसंच चाललं. माझ्या खाटेसमोर प्लास्टिकची खुर्ची ओढून तो सकाळपासून बसायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. संध्याकाळी ताडगोळे आणायचा. त्याच्या नखांना ते नीट सोलता येत नाहीत, अर्धं पाणी लुंगीवर सांडायचं. उरलेलं वाटीत घालून माझ्यापुढे ठेवायचा आणि पुन्हा तोंडाकडे बघायचा. मी घशाकडे बोट केलं. त्याने पाण्याचा तांब्या आणला. परत बोट केलं, मान हलवली, तोंड उघडून दाखवलं. तो म्हणाला, "दुकतंय? गोली घे." मुलाने कानाशी जाऊन सांगितलं, आईचा आवाज गेला, राग नाही. बरं बरं, म्हणाला. आणि पुन्हा माझ्याकडे बघत बसला.

लिहून दाखवायचं तर चौथीपर्यंत मी शिकले, तो शाळेत गेलाच नाही. कारखान्यात तो ओठांवरून बोलणं ओळखायचा. पण ते सगळं हिंदीतलं. मराठी ओठ त्याला कधी वाचता आले नाहीत.

मला त्याचा राग येत होता हे खरं आहे. पण तो माझ्यासमोर बसून जो राग संपायची वाट बघत होता, तो राग नव्हता. एवढं त्याला कळावं असं मला वाटायचं. बाकी मला काही नको होतं.

दोन महिन्यांनी मुलाने कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नाकातून दुर्बीण घालून बघितलं. घशात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातली एक हलत नाही, म्हणाले. हृदयाजवळून एक नस जाते, तिला इजा झाली की असं होतं.

"वर्षभर बघू. थोडं सुधारेल, आजी. बोलता येईल."

"ओरडता?" मी विचारलं. मुलाने माझं बोलणं त्यांना सांगितलं.

ते हसले. "आता ओरडायचं कशाला? आराम करा."

"मला ओरडायचंच हाय."

त्यांनी हसू आवरलं. "ओरडता येणार नाही."

रिक्षात मुलगा म्हणाला, "बोलता येईल म्हणालेत ना, आई." मी बाहेर बघत राहिले. बोलायचं होतं कोणाशी?

त्याच आठवड्यात म्हाताऱ्याचा जोडीदार आला. त्याच्या शेजारच्या लूमवर वीस वर्षं होता. होळीला उत्तरेत आपल्या मुलखाला गेलेला, आल्या आल्या केळी घेऊन बघायला आला. दोघे समोरासमोर बसले आणि हातांनी बोलायला लागले. लूमवर आवाज पोचत नाही, म्हणून त्यांच्या खुणा ठरलेल्या. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, मिस्त्रीला बोलव. मी या प्रकाराला माकडचेष्टा म्हणत आले. घरात हात हलवू नका म्हणून कितीदा ओरडले असेन. माझा आवाज होता, मला काय गरज? त्या दिवशी मात्र म्हातारा भराभर हात हलवत होता, हसत होता. दोन महिन्यांत मी त्याला असा बोलताना बघितला नव्हता.

मी सूनबाईला जवळ बोलावलं आणि म्हटलं, या पाहुण्यांना सांग, माझं सगळं म्हाताऱ्याला खुणांनी सांगायचं. सूनबाईने हिंदीत सांगितलं. जोडीदाराचं तोंड उतरलं.

"भाभी, मैं समझा आप ग़ुस्सा हो. ये भी यही बोल रहा था."

मग त्याने म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली. माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि दोन्ही पंजे खाली दाबले. मशीन बंद. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. हातातल्या पान्याने नट फिरवावा तशी मूठ फिरवली. मिस्त्री? जोडीदाराने होकार दिला, मिस्त्रीने बघितलं. म्हाताऱ्याने पंजा वर उचलला. हे मलाही कळलं. चालू कधी होणार?

जोडीदार माझ्याकडे वळला. "क्या बोलूँ इसको?"

वर्षभर बघू, असं सांगता आलं असतं. डॉक्टर म्हणालेच होते. पण मला खोटं बोलायची सवय नाही. म्हाताऱ्याला ऐकू यायचं तेवढा माझा आवाज परत येणार नव्हता, आणि त्याच्या दृष्टीने आवाज म्हणजे तेवढाच. मी मान आडवी हलवली.

 जोडीदाराने खांद्यावरून मागे काहीतरी फेकल्यासारखा हात केला. मी सूनबाईकडे बघितलं.

"ये नया है, भाभी," तो खाली बघत म्हणाला. "पहले नहीं था. मशीनें जब भंगार में गईं, तब से चला."

म्हाताऱ्याला ती खूण माहीत होती. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मोठ्याने, पण त्याच्या मते हळूच, म्हणाला, "मंग तुजा राग न्हाय?"

मी मान हलवली. नाही.

मला वाटलं होतं, त्याला हलकं वाटेल. त्याने मान हलवली. होय होय, बरं बरं. ती मान मी ओळखते. मुलाला हलवतो, सुनेला हलवतो, मयताची बातमी आणणाऱ्यालाही हलवली होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली.

राग असता तर तो कधीतरी संपला असता. तेवढ्यासाठी म्हातारा समोर बसत होता. ते मीच घालवलं.

आता खुर्ची दाराकडे वळलेली असते. सकाळी दोन तास तो टपरीवर जातो, येऊन रस्त्याकडे तोंड करून बसतो. ताडगोळे अजून मिळतात, पण तो आणत नाही. जेवायला बोलवायचं झालं की मी उठून त्याच्या खांद्याला हात लावते. तो वळतो, मान हलवतो आणि ताटावर येऊन बसतो. माझ्या तोंडाकडे बघत नाही.

परवा तपासणीला हृदयाच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि खूश झाले. म्हणाले, आवाज एकदम स्वच्छ येतोय.