त्याची सर्व्हिस कुठं पडते

खाडीकाठच्या पूर्णा गावात आमच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर मी हौसेनं टेनिसचं कोर्ट बांधलं. दर रविवारी तिथं माझ्याशी खेळायला येणारा हा जवळच्याच वडपे गावचा सुताचा व्यापारी. त्याच्या सर्व्हिसला जोर असा नाहीच. चेंडू दोनदा आपटायचा, "हं, शेठ" म्हणायचा आणि माझ्या पायांकडे बघायचा. मी ज्या बाजूला झुकलो असेन, त्याच्या उलट्या कोपऱ्यात चेंडू अलगद पडायचा. मी त्याच्या दुप्पट जोरात मारायचो आणि हरायचो. मला त्याचा हेवा वाटायचा, अजून वाटतो.

शेत गेल्यापासून माझे वडील कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून गप्प बसायचे. एका रविवारी चेंडू आणायला गेलेला हा त्यांच्यापाशी उकिडवा बसला. "काका, या जागी कोलम लावायचात ना?"

वडिलांनी मान वर केली. "कोलम कुठला? खाडीचं खारं पानी शिरायचं हितं. आमी राता लावायचो, खाऱ्यातला तांबडा भात. कोलम न्हाय टिकत."

मग ते बोलतच राहिले. खाऱ्या जमिनीत कोलम येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. मी माझ्या जागी रॅकेट धरून उभा होतो. मी त्यांना रोज एकच विचारायचो, गोळी घेतली का. ते नुसती मान हलवायचे.

शेवटी हा परत आला, चेंडू आपटला. "हं, शेठ."

माझे पाय अजून वडिलांकडेच वळलेले होते. चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात पडला.