टेकडीवरची खडी

आमच्या मामंजींना खोटं बोलता येत नसे, आणि त्याचा ताप साऱ्या घराला व्हायचा. केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या स्पाइसवूड खोऱ्यात एस्टिल हॉलकोम हे त्यांचं नाव लोक आदराने घ्यायचे खरे, पण आदरावर चूल पेटत नाही. माझ्या नवऱ्याला, डेनव्हरला, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गॅरेजात नोकरी मिळाली नाही ती मामंजींमुळे. आणि सगळ्या खोऱ्यात फक्त आमच्या दाराशी चिखल, तोही त्यांच्यामुळेच.

खडीचं असं आहे. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे काउंटीच्या जजचे ट्रक फिरायला लागतात. नावाला तो जज. रस्ते, पूल, नोकऱ्या, सगळ्या किल्ल्या त्याच्या खिशात. ज्याचं मत त्याला, त्याच्या अंगणापर्यंत सरकारी खडी. सगळेच घेतात. माझ्या माहेरीही घ्यायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, निदान बोलून दाखवण्याइतकं तरी नाही.

मामंजींना वाटायचं, आणि ते बोलूनही दाखवायचे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचं सगळं कुळ टेकडीवरच्या थडग्यांपाशी जमतं. गवत काढायचं, फुलं ठेवायची, तिथेच ओकच्या सावलीत जेवायचं, आणि जेवणं झाली की वडीलधाऱ्याने चार शब्द बोलायचे. मामंजी चारावर कधी थांबले नाहीत. खाणीच्या धुळीने फुप्फुसं पार गेलेली, तरी एक हात छातीवर दाबून उभे राहायचे आणि अख्ख्या अमेरिकेचा इतिहास काढायचे.

"सगळी माणसं समान, असं ज्यांनी लिहिलं ना पोरांनो, त्यांच्या घरी गुलाम राबत होते. सुरुवातच तिथून आहे. मग भावाभावांची लढाई झाली. या दोन थडग्यांतले बघा, सख्खे भाऊ. एक उत्तरेकडून लढला, एक दक्षिणेकडून. दोघांचीही जमीन कराच्या नावाखाली तिसऱ्यानेच खाल्ली. मग कोळसा कंपनीचा माणूस आला. माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं. त्याने दारू पाजली, कागद पुढे केला, आजोबांनी फुली मारली. जमिनीखालचं सगळं गेलं. मंदीत सरकारी पीठ आलं, ते आधी शेरीफच्या मेव्हण्यांकडे. गरिबी हटवायला वॉशिंग्टनने पैसा धाडला, त्यातून कोर्टाचं छप्पर नवं झालं." मग थोडा दम घेऊन शेवटचं वाक्य, दर वर्षी तेच: "सरकार चोर आहे हो. पण चोराला दार उघडायला आपणच उठतो."

आम्ही सगळे माना डोलवायचो. बाकीच्यांच्या दारात खडी, साऱ्यांच्या तोंडात कोंबडी आणि माना डोलवतोय. आमच्यातला निदान एक माणूस तरी विकला गेलेला नाही, याचा आम्हाला फुकटचा अभिमान होता.

सत्याहत्तरच्या एप्रिलमध्ये पूर आला आणि टेकडीची वाट धुऊन गेली. चढावर कमरेएवढी घळ पडली. त्याच महिन्यात डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना, ओमाबाईंना, सांगितलं की हृदयात आता काही राहिलं नाही, पुढचा हिवाळा धरून चालू नका. घरी आल्यावर त्या मामंजींना एवढंच म्हणाल्या, "एस्टिल, मला एकदा पोरांकडे ने."

पोरं म्हणजे टेकडीवरची तीन लहान थडगी. घटसर्पाने एकाच हिवाळ्यात गेलेली. ओढ्यातले दगड आणून मामंजींनी छिन्नीने स्वतः त्यांच्यावर नावं कोरली होती. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. म्हणून दर वर्षी त्या दगडांपाशी बसायच्या आणि मामंजी त्यांना नावं वाचून दाखवायचे. पाठ होती हो बाईला, पण वाचून घ्यायची हौस.

डेनव्हरने आणि त्याच्या चुलतभावाने त्यांना खुर्चीत बसवून न्यायचं करून पाहिलं. पहिल्याच चढाला पाय घसरला, सासूबाईंचा हात मुरगळला आणि त्या तासभर धापा टाकत होत्या. त्यानंतर मामंजी दोन दिवस ओसरीवरच बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी व्हर्जिलला निरोप धाडला. व्हर्जिल म्हणजे आमच्या भागातला जजचा माणूस.

तो आला तो हसतच आला. "एस्टिलकाका, सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"टेकडीवर खडी टाक. मत देतो."

"टाकू की. मंगळवारी मतदान, बुधवारी ट्रक."

"शब्द दिलाय मी."

"तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणतंय? पण जजसाहेबांना डोळ्यांनी बघायला आवडतं. मी येतो ना तुमच्याबरोबर पडद्यामागे."

मला आत घरात ऐकूनच कळलं तो काय म्हणतोय ते. पडद्यामागे दुसऱ्याला नेता येतं ते फक्त आंधळ्याला, नाहीतर निरक्षराला. टेबलाशी हात वर करायचा, मला वाचता येत नाही अशी शपथ घ्यायची, आणि मग जजचा माणूस शेजारी उभा राहून बघतो मतयंत्राचा कुठला खटका ओढलात ते. आमच्या खोऱ्यात मतदानाच्या दिवशी शिकलेले लोक भराभर अडाणी होतात. पण ते आम्ही. मामंजी नव्हे.

मला वाटलं, आता काठी उगारतील. मामंजी म्हणाले, "किती वाजता यायचं?"

मंगळवारी शाळेत मतदानाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होते. टेबलाशी मतदारांची नावं लिहायला आमच्या नात्यातली व्हेस्टा प्रॅट बसली होती. लहानपणी चर्चमध्ये मामंजींनीच तिला अक्षरं शिकवलेली, बोट धरून. व्हर्जिल शेजारी उभा. व्हेस्टाने मामंजींकडे पाहिलंच नाही.

"हात वर करा काका. तुम्हाला लिहितावाचता येत नाही, अशी शपथ घेता?"

एखाद्याने म्हणायला हवं होतं, अगं, काय विचारतेस, हा माणूस आम्हाला पेपर वाचून दाखवतो. मी म्हणायला हवं होतं. मी माझ्या बुटाची लेस बघत होते.

"येत नाही," मामंजी म्हणाले.

सही करता येत नाही म्हटल्यावर फुली मारावी लागते. त्यांनी मारली. फुली सुबक आली.

बुधवारी ट्रक आले. व्हर्जिल शब्दाला जागला, चांगली जाड खडी पडली, डेनव्हरची गाडी सरळ वर जाईल अशी. आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. लोक मामंजींशी गोड वागायला लागले. आमच्याच कुळातला, आजवर ओसरीखालूनच टोपी उचलून जाणारा हारगिस वर येऊन पाठीवर थाप मारून गेला. "आलात एकदाचे आमच्यात, काका." कुणी मध आणून दिला, कुणी तंबाखू. मनातल्या मनात सगळ्यांचं ओझं उतरलं होतं. माझंही उतरलं होतं, खोटं कशाला बोलू, आणि मला माझीच किळस आली. मामंजींनी मधाला हात लावला नाही.

सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. मेच्या त्या शेवटच्या रविवारी गाडीतून वर जाताना त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "देव बरा आहे हो. जजलाही बुद्धी दिली."

जेवणं झाली. सगळे मामंजींकडे बघायला लागले, मग एकमेकांकडे. "आज दम लागतोय," ते म्हणाले आणि बसूनच राहिले. कुणी आग्रह केला नाही.

सासूबाईंना आम्ही तिन्ही दगडांपाशी खुर्ची मांडून दिली होती. त्यांनी हाक मारली, "एस्टिल, इकडे ये. वाच."

मामंजी उठून गेले. टोपी हातात घेतली. आणि हारगिसने, वाईट मनाचा माणूस नव्हे तो, तोंडात तंबाखू धरून थट्टा केली. "ओमाकाकू, काकांना कुठलं आलंय वाचायला? मंगळवारीच शपथ घेतलीय त्यांनी, सगळ्या शाळेदेखत."

दोघंतिघं हसले. व्हेस्टा उठून झाडामागे गेली.

सासूबाईंनी त्या खडीच्या वाटेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ. बाईला अक्षर येत नव्हतं, पण डोकं लख्ख होतं.

मामंजींनी तोंड उघडलं. त्यांनी स्वतः कोरलेली अक्षरं समोर होती, बोटभर खोल. आवाजच फुटेना. मान खाली गेली ती वर येईना. मला वाटलं आता जमीन फाटावी आणि आम्हा सगळ्यांना एकदमच घ्यावं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात धरून त्यांना शेजारी गवतावर बसवलं आणि पहिल्या दगडावर स्वतःचं बोट ठेवलं. "मी सांगते. तू मागून म्हण."

"ल्यूला."

"ल्यूला," मामंजी म्हणाले.

"आर्लिस."

"आर्लिस."

तिसरं नाव त्यांना म्हणता येईना. सासूबाईंनी ते पुन्हा सांगितलं, हळू, तोडून तोडून, आणि ते म्हणेपर्यंत बोट तिथून काढलं नाही.