मशीनबाई आणि मनाईचं पान

त्या दिवशी सकाळी माझ्या बॅगेचा पट्टा तुटला आणि मी कामावर जायच्या आधी खाली मशीनबाईंकडे गेलो. त्यांचं दुकान आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दुकानाची खोली एकच, मागे त्यांचं घर. दाराशी लांब टेबल, त्यावर पोट उघडलेली दोन-तीन शिलाई मशीनं, भिंतीवर डब्यांच्या रांगा आणि प्रत्येक डब्यावर आतला एकेक नमुना चिकटवलेला. स्क्रूच्या डब्यावर स्क्रू, स्प्रिंगच्या डब्यावर स्प्रिंग. टेबलाखाली एक करडा कॉम्प्युटर दिवसरात्र घुमत असतो. नवीन गिऱ्हाईक त्याला हमखास पाय लावतं आणि बाई हमखास म्हणतात, "सांभाळून, खाली ग्रंथालय आहे."

ते खरंच ग्रंथालय आहे. कसं, ते आधी सांगायला हवं.

बाई आता एकसष्ट वर्षांच्या आहेत. तरुणपणी कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला लागल्या. मशीन बंद पडलं की मेकॅनिक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, असा तिथला नियम होता. बाईंना ते जमेना. एकदा मेकॅनिक आला तर मशीन उघडलेलं, सगळे स्क्रू रुमालावर काढल्या क्रमाने मांडलेले, आणि बाई आत बोट घालून काहीतरी चाचपत होत्या. तो झापायलाच आला होता. पण रुमालावरची ती रांग त्याने नीट निरखली, आणि पुढच्या महिन्यात बाईंना स्वतःच्या खात्यात मागून घेतलं. तिथे त्या सव्वीस वर्षं राहिल्या. त्या खात्यात त्या एकट्याच बाई, म्हणून मशीनबाई. नाव त्यांना तिथे चिकटलं आणि घरापर्यंत आलं.

कारखाना बंद झाला तेव्हा कुणी खुर्ची नेली, कुणी पंखा. बाईंनी भंगारात निघालेल्या मशीनच्या माहितीपुस्तकांची तीन पोती हातगाडीवर घालून आणली. त्यातली निम्मी मशीनं बनवणाऱ्या कंपन्याही आता राहिल्या नाहीत. पुस्तकं बघून त्यांचे यजमान म्हणाले होते, "झोपायचं कुठे तेवढं आधी ठरवू." यजमान म्हणजे आमचे कंडक्टर. बसवरून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी दुकानात कुणी शिरलं की "पुढे सरका" म्हणतात.

पोती मार्गी लावली ती वन्संनी. वन्सं म्हणजे कंडक्टरांची धाकटी बहीण. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडे राहायला आल्या. बाई त्यांना थोडं मानाने आणि बरंचसं चिडवायला 'वन्सं' म्हणायच्या. आता सगळी गल्लीच म्हणते. वन्संनी एकेक पुस्तक उसवलं, पान न् पान स्कॅन केलं, नंबर घातले. आधी ते सगळं कुठल्याशा फुकटच्या जागेवर ठेवलं होतं. एक दिवस ती जागाच बंद झाली, सूचना न देता. वन्सं दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हा बाई म्हणाल्या, "परक्याच्या कपाटात ठेवायचंच कशाला?" आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एक जाडजूड पुस्तक आणून, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर घेऊन, त्यांनी घरचा सर्व्हर उभा केला, म्हणजे त्यावरची साइट उघडून कुणालाही कुठूनही पुस्तक वाचता येईल. चार महिने लागले. कुणाची मदत घेतली नाही. फक्त कंडक्टरांना सांगून ठेवलं की त्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

तर मी पट्टा घेऊन गेलो तेव्हा बाई फोनवर बोलत होत्या. हातात पेचकस असल्यामुळे फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता. पलीकडे कुठल्या तरी दुसऱ्या गावातली एक शिवणकाम करणारी बाई होती. आवाज अगदी संकोचलेला.

"बाई, साइटवर खाली तुमचा नंबर होता म्हणून केला. माझं मशीन टाके सोडतंय. सुई मोडली तेव्हापासून. तुमच्याकडे त्याचं पुस्तक आहे असं यादीत दिसतंय, पण उघडायला गेलं की 'मनाई' असं येतं. काल दिवसभर बघितलं. माझं काही चुकलं का?"

"तुमचं कशाला चुकेल," बाई म्हणाल्या. "मॉडेल सांगा."

तिने सांगितलं. परवा सकाळी बँडपथकाचे बावीस कोट द्यायचे आहेत, हेही सांगितलं. आतला हुक सरकलाय, एवढं बाईंना ऐकूनच कळलं. पण सुई आणि हुक यांच्यात नेमकं किती अंतर ठेवायचं हे प्रत्येक मॉडेलला वेगळं. "अंदाजाने सांगितलं आणि हुक सुईला लागला, तर दोन्ही जातील," त्या म्हणाल्या. "थांबा जरा."

त्या खाली वाकल्या, कॉम्प्युटरचा पडदा चालू केला, फोल्डरमध्ये जाऊन पुस्तकावर दोनदा टिचकी मारली. उघडलं, अगदी झटक्यात. मग तेच पुस्तक साइटवरून मागितलं. पांढरं पान आणि मधोमध एकच शब्द, मनाई.

आतल्या खोलीतून वन्सं आल्या. "उघडतंय ना इथून? मग पाठवून दे की तिला फोनवर."

दोन मिनिटांत पुस्तक त्या शिवणकामवालीच्या फोनवर गेलं. तिने भरभरून आभार मानले आणि घाईने फोन ठेवला.

"झालं," वन्सं म्हणाल्या. "आता निवांत बघ, वहिनी. तशीही कितीशी माणसं येतात? ही एक आली वर्षातून."

बाईंनी माझा पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत ठेवला. "माझं काही चुकलं का, असं विचारत होती हो ती," त्या म्हणाल्या. "काल दिवसभर." मग स्टूल ओढून कॉम्प्युटरपुढे बसल्या. माझी बस चुकणार हे मी ओळखलं आणि मीही एक स्टूल ओढलं.

सर्व्हर स्वतःच्या चुकांची वही ठेवतो. कोण आलं, काय मागितलं, का देता आलं नाही, सगळं ओळीने. बाईंनी ती वही उघडली. मला वाटलं होतं चार-पाच ओळी असतील. पडदा वर सरकत गेला तो थांबेचना. परवा दुपारपासून एकशे बारा वेळा कुणी ना कुणी पुस्तक मागितलं होतं आणि एकशे बारा वेळा मनाई झाली होती. वेगवेगळे पत्ते, वेगवेगळी पुस्तकं. एकाच पत्त्यावरून कुणीतरी काज करायच्या मशीनचं एकच पुस्तक एकोणीस वेळा मागितलं होतं.

वन्सं चष्मा लावून मागे उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "परवा दुपारी मी फाइली नव्या डिस्कवर हलवल्या. जुनी खरखर करत होती म्हणून."

"मला सांगायचं नाही का?"

"तू म्हणाली असतीस की मी करते. मग आणखी महिनाभर खरखर ऐकली असती."

ते खरं होतं, म्हणून बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या.

फाइली वाचायची परवानगी नसेल, असं धरून बाईंनी ती दिली. मनाई. मग वैतागून त्यांनी त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींना सगळ्यांसाठी सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. वाचा, लिहा, पुसा, काय हवं ते करा.

"म्हणजे कुणीही येऊन माझ्या पुस्तकांवर खरडून जाऊ शकतो?" वन्संनी विचारलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. चाळीस वर्षं त्या पेन्सिलच्या रेघा खोडत आल्या होत्या.

"तात्पुरतं हो, वन्सं."

"तात्पुरतं काय? तात्पुरतं कुणी वाचनालय रस्त्यावर मांडतं का?"

बाईंनी साइट पुन्हा उघडली. तरीही मनाई.

एवढ्यात कंडक्टर आंघोळ करून आले. नक्की काय बिघडलंय हे त्यांनी विचारलं नाही. "बंद करून चालू करा," ते म्हणाले. "बस अडली की आम्ही तेच करायचो."

"अहो, ही बस नाही."

बाई तेल लागलेले हात धुवायला आत गेल्या आणि कंडक्टरांनी टेबलाखाली वाकून ते बटण दाबलं. दोन वर्षांत पहिल्यांदा खोलीत शांतता झाली. बाई धावत बाहेर आल्या. त्या काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही, पण मोठ्याने म्हणाल्या नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली.

कॉम्प्युटर उठला. बाईंनी स्वतःच्या नावाने प्रवेश केला, साइट उघडली, पुस्तक मागितलं. आता मनाई नव्हती. 'सापडत नाही' असं आलं होतं.

"बघ, काहीतरी फरक पडला," कंडक्टर म्हणाले.

वन्सं म्हणाल्या, "गेली. सगळी पुस्तकं गेली."

बाई मात्र रागवायच्या विसरल्या होत्या. पडद्याकडे बघत त्या थबकल्या. "मघाशी इथे कुणाचं खातं उघडं होतं, वन्सं?"

"माझं. परवापासून तसंच आहे. मी कुठे बंद केलं?"

"आणि डिस्क जोडली ती त्याच खात्यातून."

"मग काय तुझ्या खात्यातून जोडू? तुझा पासवर्ड कुठे माहीत आहे मला?"

बाई हसल्या. मग त्यांनी काय केलं ते सांगतो, कारण मला तिथे त्यांची सगळी कारखान्यातली वर्षं दिसली. मशीन टाका सोडायला लागलं की त्या कधी सुईकडे बघत नाहीत. धागा रिळावरून निघतो तिथून सुरुवात करतात आणि एकेका कडीतून बोट फिरवत खाली येतात. इथेही तेच. फाइल सोडून दिली आणि अगदी वरून, मुळापासून, एकेक फोल्डर तपासत निघाल्या. हा सगळ्यांना उघडा. हा पण उघडा. पुढचा वन्संच्या नावाचा होता. तिथे बोट थांबलं.

"इथे," त्या म्हणाल्या. "ही डिस्क तुमच्या नावाच्या खोलीत जाऊन बसली होती. त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नाही. पुस्तकं उघडी आहेत, पण तिथवर जायची वाट तुमच्या खोलीतून. सर्व्हरचं स्वतःचं वेगळं खातं असतं. तो बिचारा तुमच्या दारात उभा आणि लोकांना सांगतोय, मनाई. आणि तुम्ही खातं उघडलं नाही तर डिस्क त्या खोलीत येतच नाही, म्हणून आता सापडत नाही."

"पण मी जुन्या जागी चिठ्ठी ठेवली होती, पुस्तक त्या डिस्कवर पाहा म्हणून. आमच्याकडे तसंच करायचे."

"चिठ्ठी बरोबर आहे. कपाट चुकीच्या खोलीत आहे."

"माझ्या खोलीत चोरासारखं लपवलं म्हण की," वन्सं म्हणाल्या, पण आता त्यांच्या आवाजात जीव आला होता. "मग खोली उघडी करून टाक."

"नको. तुमची खोली तुमचीच राहू दे. कपाट बाहेर काढू."

डिस्कला बाईंनी स्वतंत्र, सगळ्यांच्या वाटेवरची जागा दिली आणि कॉम्प्युटर सुरू होताना, कुणी खातं उघडो न उघडो, ती तिथेच जोडली जावी अशी एक ओळ लिहून ठेवली. चिठ्ठ्या बदलायचं काम वन्संनी मागून घेतलं. एका अक्षराची चूक झाली म्हणून पहिल्यांदा परत 'सापडत नाही' आलं. ती वन्संनी स्वतः शोधली, आणि बाईंना हात लावू दिला नाही. मग मघाच्या त्या उधळलेल्या परवानग्या आवरल्या. वाचायला सगळ्यांना, लिहायला फक्त दोघींना. वन्संनी ते दोनदा वाचून घेतलं तेव्हा त्यांना पटलं.

"एकदा बंद करून बघावं लागेल," बाई म्हणाल्या. "आपोआप जोडली जाते का ते." आणि कंडक्टरांकडे वळून, "दाबा."

कंडक्टरांनी शर्ट नीट केला आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर उठला. कुणीही प्रवेश केला नाही. वन्संनी स्वतःच्या फोनवरून साइट उघडली, पुस्तक मागितलं. पिवळट पानावर मशीनचं चित्र आलं, कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का.

"उघडलं," वन्सं म्हणाल्या. एवढंच. मग चष्मा काढून पुसत बसल्या.

दुपारी मी कामावरून लवकर आलो तर दोघी अजून तिथेच होत्या. वन्संनी आता दुसरी वही उघडली होती, ज्यांना पुस्तक मिळालं त्यांची. मला बघताच म्हणाल्या, "तो एकोणीसवाला आला होता. सव्वादोनला. अख्खं पुस्तक घेऊन गेला." तो कोण, कुठला, बाई की पुरुष, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. तरी घरी पाहुणा जेवून गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. माझ्या बॅगेचा पट्टा मात्र तसाच टेबलावर पडून होता. तो बाईंनी दुसऱ्या दिवशी शिवला, दुहेरी टाक्यांनी.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मनाईचं ते पांढरं पान बाईंनी बदलून टाकलं. आता कधी काही अडलं तर तिथे येतं, 'तुमचं काही चुकलेलं नाही. आमच्याकडे काहीतरी अडलं आहे. फोन करा.' खाली दोन नंबर आहेत. वन्संचा वर, कारण त्या लवकर उठतात. फोन येतात, बहुतेक वेळा साइट नीट चालू असतानाच. कुणाला मशीन ओळखून हवं असतं, कुणाला नुसतं बोलायचं असतं. परवा एका चांभाराने चपला शिवायच्या मशीनचं पुस्तक पाठवलं. असलं मशीन बाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोघी नणंद-भावजया त्यातली एक आकृती उलटी की सुलटी यावर अजून भांडताहेत.