सहा ढिगारे, निश्चित

‘निश्चित’ हा शब्द मी लाल पेन्सिलीने लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांचा राग मला अजून येतो. शब्द लिहिणं नोकरीचा भाग होता. रेघा माझ्या शहाणपणाच्या.

साल त्र्याहत्तर. आदल्या वर्षीच्या पावसाने दगा दिलेला आणि उन्हाळा तोंडावर आलेला. नगरपासून जीपने तासाभरावर एका उजाड माळावर आमचा तंबूंचा कॅम्प होता. मी हवाई दलात सार्जंट, काम फोटो इंटरप्रिटरचं. विमानातून काढलेले फोटो बघायचे आणि खाली काय आहे ते सांगायचं, एवढंच. माळाच्या दुसऱ्या टोकाला, लांबवर, सरावासाठी शत्रूचा खोटा विमानतळ केला होता. धावपट्टी चुन्याने आखलेली, विमानं बांबू-तरटाची, आणि एका कडेला बॉम्बचं कोठार म्हणून मातीचे आठ उंचवटे. आम्ही फोटोत कोठार शोधून प्रत्येक ढिगाऱ्यावर नंबर टाकायचा. मंगळवारी सकाळी दहा वाजता विमानं येऊन त्या नंबरांवर बॉम्ब टाकणार. विमानतळ खोटा होता, बॉम्ब खरे होते.

बॉम्बचं कोठार वरून ओळखायच्या खुणा ठरलेल्या असतात. ते धावपट्टीपासून लांब असतं. ढिगारे एकमेकांपासून अंतर राखून असतात, म्हणजे एक उडाला तर शेजारचा उडू नये. आणि प्रत्येकापर्यंत ट्रॉली जाईल, वळेल असा रस्ता असतो. बॉम्ब काही कडेवर घेऊन नेता येत नाही.

गुरुवारी काढलेले फोटो शुक्रवारी टेबलावर आले. एकाच जागेचे, थोडं अंतर ठेवून काढलेले दोन फोटो स्टिरिओस्कोप नावाच्या दुहेरी भिंगाखाली ठेवले की जमीन उठून दिसते. मी डोळे लावले आणि मला आठाऐवजी चौदा ढिगारे दिसले. जादाचे सहा धावपट्टीच्या पलीकडे, एका टेकडीच्या आडोशाला होते. एका ओळीत, सारख्या उंचीचे, माथा सपाट, कडा उतरत्या. कुणीतरी फूटपट्टी लावून घडवल्यासारखे.

मला वाटलं, सापडलं! आम्हाला फसवायला कुणीतरी गुपचूप सहा ढिगारे वाढवलेत आणि ते मी पकडले.

शेजारी कॉर्पोरल नायर बसायचा. केरळचा, पण पुण्यात सहा वर्षं काढलेला, त्यामुळे मराठी फाडफाड. त्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, “सार्जंट, रस्ता कुठंय?”

“तात्पुरतं कोठार आहे. रस्ता व्हायचाय.”

“आणि इतके जवळजवळ? एक उडाला तर सगळे उडतील.”

“शत्रू घाईत आहे, नायर.”

“पायवाटा आहेत बघा. सगळ्या त्या झाडाकडे जातात. बॉम्ब झाडाखाली जेवायला बसतात काय?”

मी हसलो. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. चुकणाऱ्या माणसाकडे उत्तरांची कधी टंचाई नसते. मी आणखी एक पुरावाही काढला. फोटोत तिथे एकही माणूस नव्हता. म्हणजे जागा राखीव, बंदी असलेली. आमच्या रिपोर्टात खात्रीसाठी तीनच शब्द चालायचे: शक्य, बहुधा, निश्चित. मी तिसरा लिहिला आणि त्या दोन रेघा मारल्या. आमच्या स्क्वाड्रन लीडर साहेबांनी भिंगाला डोळा न लावता सही ठोकली.

रविवारी सुट्टी घेऊन मी सायकलने गावी गेलो. गाव माळाच्या पलीकडे, वळसा घालून दीड तासावर. घरी आठ-दहा एकर रान, पण त्या साली त्यात कुसळसुद्धा नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी दोघंही दुष्काळी कामावर जात होते. वहिनीने रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी ताटात टाकली. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

“हे काय, वहिनी?”

“खडी. दुसरं काय? फोडायची आन् ढीग लावायचे. तेबी साधे न्हाई बरं का, भाऊजी. समदे एका मापाचे, वरून सपाट, एका रांगेत. कारकून दोरी लावून मापतो. जरा तिरका झाला की मेला पुन्यांदा रचायला लावतो.”

मी ताट बाजूला सारलं.

“कुठं चाललंय हे काम?”

“तुमच्या लोकांनी चुन्याचा रस्ता आखलाय न्हवं माळावर, लई लांब? त्याच्या पल्याड. मुकादम म्हनला, सरकारचंच रान हाय, कुनी इचारत न्हाई.”

“पोरांच्या झोळ्या कुठं बांधता?”

“लिंबाला. तिथं एकच तर झाड हाय. पान्याचा पिंपबी तिथंच.”

नायरच्या पायवाटा. मी शेवटचा धागा धरून विचारलं, “पण गुरुवारी तिथं कुणीच नव्हतं!”

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. “गुरवारी बाजार असतो, भाऊजी. बाजारच्या दिशी कामाला खाडा असतो. इमानात बसून बाजारबी इसरला व्हय?”

ज्या बाजारात लहानपणी मी गुडीशेव खात हिंडलो तो बाजार! दिल्लीचा इंटरप्रिटर चुकला असता तर समजण्यासारखं होतं. मी त्याच मातीतला, आणि मीच माझ्या वहिनीच्या ढिगाऱ्यांवर नऊ ते चौदा नंबर टाकून आलो होतो.

“मंगळवारी जाऊ नका. तिथं बॉम्ब पडणार आहेत,” मी म्हणालो.

“आमी दोघं ऱ्हातो घरी. बाकीच्या बाया? तुमच्या सांगन्यावरनं मुकादम काम बंद करनार व्हय?”

परतीची सायकल मी कशी मारली ते पायांनाच माहीत. साहेब तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला राग आला तो त्या शांतपणाचा.

“रिपोर्ट वर गेलाय,” ते म्हणाले. “मोठ्या साहेबांनी शाबासकी दिली. ते सहा बाकी कुणालाच दिसले नव्हते.”

“कारण ते नाहीतच, साहेब. ती खडी आहे.”

“म्हणजे आता मी फोन करून काय सांगू? माझ्या माणसाला खडी आणि बॉम्ब यातला फरक कळत नाही?”

“हो साहेब. तेच सांगा.”

“रेंजवर नजर ठेवणारी सेफ्टी पार्टी असते ना. माणसं दिसली तर ते थांबवतील.”

“त्यांचा टॉवर टेकडीच्या अलीकडे आहे. पलीकडचं काही दिसत नाही त्यांना. फोटोत मी मोजलंय ते.”

“तू मोजलंयस?” ते हसले. “उद्या बघू.”

ते हसू मला सहन झालं नाही. गाढव मी होतो, हे कबूल. पण गाढवपणा कळल्यावरही तो सहीसाठी जपून ठेवायचा, ही वरच्या रँकची गोष्ट होती. मी तंबूत जाऊन नवा रिपोर्ट लिहिला. नऊ ते चौदा: फोडलेली खडी. खात्री: निश्चित. ओळखीचा आधार: माझी वहिनी. तो त्यांच्यासमोर आदळला.

“ही काय चेष्टा आहे?”

“सही करा साहेब. नाहीतर मंगळवारी दहा वाजता मी अकरा नंबरवर बसलेला असेन. नंबर मीच टाकलाय, मला शोधायला वेळ लागणार नाही.”

मागून आवाज आला, “मी बारावर, सर.” नायर. तो मागे येऊन उभा आहे हे मला माहीतही नव्हतं.

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. दोन माणसं हुकूम मोडून ढिगाऱ्यावर बसली तर चौकशी कुणाची होईल, याचा हिशेब त्यांनी झटकन केला. बायकांसाठी जो फोन होत नव्हता तो स्वतःसाठी दोन मिनिटांत झाला. “फेरतपासणीत माझ्या लक्षात आलं, सर,” असं ते रिसीव्हरमध्ये म्हणाले. ‘वहिनी’ हा शब्द त्यांनी गाळला.

सोमवारी मुकादमाकडे जीप गेली आणि मंगळवारपुरतं काम माळाबाहेर हलवलं. दहा वाजता मातीचे आठ उंचवटे उडाले. खडीचे सहा ढीग जागेवर राहिले, कारकुनाच्या मापात. साहेबांना ‘वेळेवर केलेल्या दुरुस्ती’बद्दल पत्र आलं. उद्धटपणाबद्दल मला आणि नायरला महिनाभर डार्करूममध्ये फोटो धुवायला बसवलं.

तिथं मला जुन्या फायली आवरायचंही काम दिलं होतं. एका फायलीत, तंबूच्या दोऱ्यांच्या मागणीखाली, तहसील कचेरीचं एक टाईप केलेलं पत्र निघालं. माळाच्या त्या कोपऱ्यात खडीचं काम सुरू होत आहे, कृपया नोंद घ्यावी. पत्र आमच्या फोटोंच्या तीन आठवडे आधीचं. खाली ‘सीन’, म्हणजे पाहिलं, असं लिहून साहेबांची सही. मला असा संताप आला की पत्र घेऊन मी थेट त्यांच्या तंबूकडे निघालो.

वाटेत उजेडात ते नीट वाचलं. साहेबांच्या सहीखाली आणखी एक छोटी सही होती. तिच्याखाली लाल पेन्सिलीने, सवयीने मारलेल्या दोन रेघा.

मी परत फिरलो आणि फोटो धुवायला लागलो. पुढे वीस वर्षं त्याच कामात काढली. कुठलाही फोटो आला की मी पहिल्यांदा विचारायचो, काढला त्या दिवशी वार कोणता होता आणि तिथला बाजार कधी असतो? नवे ऑफिसर हसायचे. मी त्यांना हसू द्यायचो आणि उत्तर मिळेपर्यंत लाल पेन्सिल खिशातून काढायचो नाही.