कौसाबाईंचं प्रशिक्षण

आमच्या वारासिवनीच्या शाळेत कायदा ठाऊक असलेली व्यक्ती एकच होती, आणि ती झाडू मारायची.

कौसाबाई शाळेतल्या आया. लहान मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं प्रशिक्षण बालाघाटला होतं. प्रत्येक शाळेतून एकानं जायचं होतं. मुख्याध्यापकांचा कुठंतरी सत्कार होता, आम्हा शिक्षकांच्या तब्येती अचानक बिघडल्या. मग कौसाबाईंना पाठवलं.

परतल्यावर आम्ही हसत विचारलं, "काय शिकवलं, बाई?"

"एकच ध्यानात राह्यलं, सर. लेकराचं असं काही कळलं का पोलिसाले सांगाचं. नाही सांगतलं त आपलाच गुन्हा. शिपाई असो का हेडमास्तर."

"अन् जेवण कसं होतं?" आम्ही विचारलं.

काही महिन्यांनी सहावीतली एक मुलगी संगणकाच्या तासाला जाईना. एका दुपारी ती कौसाबाईंना बिलगून रडली आणि संगणकाचे सर काय करतात ते तिनं सांगितलं. बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

मुख्याध्यापकांनी आधी खिडकी लावली, मग समिती नेमली. सचिव मी. मुलीला आणि त्या सरांना समोरासमोर बसवून खरंखोटं करायचं, असं ठरलं. शुद्धलेखन सांभाळत मी ते लिहून घेतलं.

"तिले काहून विचारता तुम्ही?" कौसाबाई दारातूनच म्हणाल्या. "ते काम पोलिसायचं हाय. आपण फक्त सांगाचं."

"बाई, शाळेच्या नावाचा प्रश्न आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"शाळेले नाव हाय, अन् पोरीले नाही का?"

त्यांनी मुलीच्या आईला बोलावून घेतलं आणि तिघी पायी ठाण्यात गेल्या. पोलीस आले तेव्हा समितीचा चहा चालू होता.

संगणकाचे सर पकडले गेले. न कळवल्याबद्दल मुख्याध्यापकांवर गुन्हा नोंदला गेला, माझ्यावरही. आम्हाला केव्हा कळलं होतं, हे पोलिसांना शोधावं लागलं नाही. माझ्या सुवाच्य अक्षरात वेळेसकट लिहिलेलं होतं.

पुढच्या सत्रात संस्थेनं मला ठेवलं आणि कौसाबाईंना काढलं. निरोप समारंभ वगैरे नाही. मीच फाटकापर्यंत गेलो.

"बाई, त्या दिवशी मीही यायला हवं होतं ठाण्यात."

त्या समजूत घालतील, असं मला उगाच वाटलं होतं.

"हौ," त्या म्हणाल्या, "याले पाह्यजे होतं," आणि बसस्टँडकडे चालू लागल्या.